ऑक्झेंडन आडनावाची फ्रेम मागवली, आत सिंह निघाला

सुरुवातीलाच सांगून टाकतो, फ्रेम चांगली आहे. लाकूड अस्सल, काच जाड, भिंतीला अडकवायचा हूक मागे आधीच ठोकलेला, आणि पॅकिंग तर असं की उघडायला पंधरा मिनिटं आणि दोन सुऱ्या लागल्या. डिलिव्हरीसुद्धा सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी. एवढं सगळं चांगलं असून मी दोनच स्टार का देतोय ते जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी कुणीतरी कधीतरी ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाच्या फेअरवेलला किंवा घरमालकाला ख्रिसमसला द्यायला असलंच काहीतरी मागवणार.

वस्तू काय आहे, तर ‘आडनावाचा इतिहास’. वेबसाइटवर जायचं, इंग्लिश आडनाव टाइप करायचं, मग ते लोक एका पिवळट जुन्या दिसणाऱ्या कागदावर वर ढाल, तिच्यावर कुलचिन्ह, खाली आडनाव कुठून आलं त्याचे चार परिच्छेद असं छापून फ्रेम करून पाठवतात. फ्रेमसकट ४२ पौंड. वर ९ पौंड दिले की एक रिपोर्ट ईमेलने येतो, त्यात आज हे आडनाव जगात कुठं आणि किती जण लावतात त्याचा नकाशा. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, या धंद्यात अशी डझनभर दुकानं आहेत आणि मला वाटतं माल सगळीकडे सारखाच असणार.

आता मला, एका मराठी माणसाला, इंग्लिश आडनावाची फ्रेम कशाला हवी? तर आमच्या इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या मराठी मंडळात जून २०२४ मध्ये शिवराज्याभिषेकाला ३५० वर्षं झाली म्हणून छोटं प्रदर्शन ठरलं होतं. इथं वाढलेल्या पोरांना रायगड दाखवायचा तर त्यांच्या ओळखीचं काहीतरी हवं, आणि दरवर्षी एकतरी कार्टं विचारतंच की तिथं कुणी इंग्लिश माणूस होता का. होता की! हेन्री ऑक्झेंडन. शाळेत सगळ्यांनी हे नाव ऐकलंय, ६ जून १६७४ ला रायगडावर ईस्ट इंडिया कंपनीतर्फे हजर होता तो. मुंबईहून मे महिन्यात निघाला, बोटीने चौलला, तिथून पुढे पाचाडला, मग वर गड. राजापूरच्या वखारीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती एवढं त्याचं काम होतं. पण त्या वखारवाल्याने जे जे बघितलं ते लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं की सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशाची डोकी होती, घोड्यांच्या शेपट्या होत्या, तराजू होता. दरवाज्याशी दोन हत्ती उभे होते आणि हे एवढ्या अवघड वाटेने वर आणले कसे म्हणून हा बाबा चाट पडला होता. त्याचा दुभाष्या नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली तेव्हा महाराजांचं लक्ष तिकडे गेलं, हेही त्याच टिपणातलं. मला हा तपशील फार आवडतो. दरबारात मागे उभं राहून लक्ष वेधायची ही युक्ती आजही सरकारी ऑफिसात चालते, अंगठीऐवजी फाइल असते इतकंच.

शिवाय त्याच घराण्यातला सर जॉर्ज ऑक्झेंडन. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरतेवर छापा घातला तेव्हा तिथल्या इंग्रजांच्या वखारीचा मुख्य हाच. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आलं तेव्हा कंपनीचा मुंबईचा पहिला गव्हर्नरही हाच, आणि १६६९ च्या जुलैत सुरतेतच वारला. त्याची आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर याची दुमजली घुमटवाली कबर सुरतेत अजून उभी आहे, बघितली नसेल तर बघा, मुघल सरदाराची वाटावी अशी. म्हणजे एका आडनावाची माणसं, एक आपल्या राजाच्या छाप्यात अडकलेला आणि दुसरा दहा वर्षांनी आपल्याच राजाच्या अभिषेकाला नजराणा घेऊन आलेला. म्हणलं या आडनावाची एक छान फ्रेम लावू, बाजूला रायगडाचा नकाशा, आणि आज हे लोक आहेत का, किती आहेत, तेही लिहू. पोरांना मजा येईल.

तर फ्रेम आली आणि ढालीवर सिंह. लाल जमिनीवर पिवळा सिंह, मागच्या पायांवर उभा, जीभ बाहेर. खाली मजकूर, पहिलं वाक्य असं की हे इंग्लंडमधलं अतिप्राचीन आणि अत्यंत प्रतिष्ठित घराणं आहे. दुसरं वाक्य, या घराण्यातले लोक शौर्य आणि निष्ठा यांसाठी ओळखले जात. तिसरं, नाव नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ग्रेट ऑक्झेंडन गावावरून आलं. मग दोन परिच्छेद नॉर्मन लोकांच्या स्वारीबद्दल, जे कुठल्याही आडनावाखाली चालतील. सुरत नाही, मुंबई नाही, रायगड तर नाहीच नाही. केंट (इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातली काउंटी) सुद्धा नाही, आणि हे म्हणजे कोल्हापूरच्या भोसल्यांवर लिहून कोल्हापूरचं नाव न घेण्यासारखं झालं, कारण हे घराणं पिढ्यान्पिढ्या केंटमधलंच, कॅंटरबरीच्या पूर्वेला विंगहॅम नावाचं गाव आहे तिथल्या डीन या जहागिरीतलं.

मला शंका आली म्हणून वेबसाइटवर परत गेलो, तिथं प्रीव्ह्यू फुकट असतो. आडनावाच्या चौकटीत सहज टाइप केलं: ढमढेरे. खोटं सांगत नाही, तीन सेकंदात ढाल आली. सिंह तोच, फक्त जमीन निळी. खाली, ढमढेरे हे इंग्लंडमधलं अतिप्राचीन आणि अत्यंत प्रतिष्ठित घराणं आहे. बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली आता आमचं टाक, तिच्या माहेरच्या आडनावालाही सिंह मिळाला, हिरवा. तळेगावच्या ढमढेऱ्यांना पेशवाईत मान होता हे खरंच, पण हा मान त्यांना कुठल्या इंग्लिश हेराल्डने, म्हणजे कुलचिन्हं देणाऱ्या अधिकाऱ्याने दिला ते काय त्या रिपोर्टात आलं नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्या, ती माहिती असती तर माझे ४२ पौंड वाचले असते. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला नसतं, माणसाला असतं. एखाद्या ठरावीक माणसाला ते मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे वारसाने जातं. हे बघणारं ऑफिस लंडनमध्ये १४८४ पासून आहे, कॉलेज ऑफ आर्म्स, आणि ते लोक स्वतःच सांगतात की आडनावाचं कुलचिन्ह असा काही प्रकारच नसतो. म्हणजे नुसतं आडनाव टाकून ढाल मिळाली की समजायचं, ढाल विकणाऱ्याची आहे.

आणि गंमत म्हणजे या आडनावाच्या बाबतीत खरं चिन्ह शोधणं अवघड अजिबात नव्हतं, केंटच्या ऑक्झेंडनांचं ते नोंदलेलं आहे. पांढरी ढाल, मध्ये उलट्या व्ही आकाराचा लाल पट्टा, आणि त्याच्याभोवती तीन काळे बैल. आडनावातच ‘ऑक्स’ आहे म्हणून बैल, चिन्हानेच नाव बोलून दाखवायचं अशी त्यांच्याकडे जुनी रीतच आहे. सिंहाचं डोकं आहे त्यांच्याकडे, पण ते वर शिरपेचात. ढालीवर बैल. बैलासारखं सुंदर जनावर सोडून यांनी छापला तो पासपोर्टवरचा सिंह!

आता आडनाव आलं कुठून. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मला यातच खरी मजा आली. आपल्याकडे जसं गावाला कर लावला की आडनाव तयार, तसंच इंग्लिशमध्ये गावाचं नाव जसंच्या तसं आडनाव होतं, कर नसतोच. त्यामुळे गाव नेमकं कुठलं ते ठरवणं हीच सगळी कसोटी. दुकानाने बघितलं काय, तर नकाशावर ऑक्झेंडन असं दिसणारं मोठं गाव कुठंय, ते सापडलं मार्केट हारबरोजवळ, दिलं चिकटवून. पण त्या गावाच्या इंग्लिश स्पेलिंगच्या शेवटी आहे डॉन, म्हणजे जुन्या इंग्लिशमधला ‘डून’, टेकडी. बैलांची टेकडी. स्विंडन माहितीये ना, आपले गोंयकार इतके राहतात तिथं, ते पण याच जातीचं, डुकरांची टेकडी. (स्विंडनला राहणाऱ्या मित्राला हे सांगितल्यावर तो दोन दिवस बोलला नाही.)

केंटच्या आडनावाच्या स्पेलिंगच्या शेवटी आहे डेन. केंटमध्ये डेन म्हणजे टेकडी नव्हे, तो ‘डेन’ शब्द रानातल्या चराईच्या जागेचा. दक्षिणेला वील्डचं घनदाट जंगल होतं आणि पूर्वेकडच्या, समुद्राकडच्या गावांची स्वतःची चराईची रानं तिथं लांब आत ठरलेली असायची, मोसम आला की डुकरं हाकत न्यायची आणि ओक-बीचच्या झाडाखाली पडलेली फळं खाऊन ती माजली की परत आणायची. टेंटरडेन, बिडेंडेन, बेनेंडेन, रॉल्वेंडेन ही सगळी गावं म्हणजे ही चराईची रानं. टेंटरडेनचा अर्थ तर सरळ ‘थॅनेटवाल्यांचं रान’, आणि थॅनेट कुठं, तर पार ईशान्येच्या टोकाला समुद्रात घुसलेलं. आपले धनगर घाटावरून कोकणात मेंढरं उतरवतात आणि तिथल्या जागा पिढ्यांच्या ठरलेल्या असतात, तसलाच प्रकार. तर ऑक्झेंडन म्हणजे बहुधा बैलांचं रान. आणि ‘ऑक्झेन’ हा जो मधला भाग आहे तो बैलचं जुनं अनेकवचन, ऑक्सफर्डमध्येही तोच बैल आहे, बैल नदी पार करायचे तो उतार. डॉन आणि डेन, एका अक्षराचा फरक, पण अर्थ टेकडीवरून रानात गेला आणि माणसं नॉर्थॅम्प्टनशरमधून केंटमध्ये.

हां, एक मान्य करतो, गोंधळ घालायला दुकान पहिलं नाही. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरजवळ हेमार्केटच्या मागे एक छोटा रस्ता आहे, तिथं कॉमेडी स्टोअर नावाचा प्रसिद्ध कॉमेडी क्लब आहे. सतराव्या शतकात ती जमीन ज्या घरातल्या मुलीकडे आली तिने एका हेन्री ऑक्झेंडनशी लग्न केलं म्हणून रस्त्याला त्यांचं नाव पडलं. पाटी वाचा, डॉन लिहिलंय. मी शनिवारी मुद्दाम जाऊन पाटीचा फोटो काढला, बाजूला क्लबची रांग होती, त्यातला एकजण विचारत होता की काय झालं इथं. काय सांगणार त्याला. पाटी रंगवणाऱ्याने चूक केली तर कुणी ४२ पौंड घेतलेले नसतात हा फरक आहे. त्या घराण्यातले लोक स्वतः तरी कुठं एकसारखं लिहायचे, एक शाखा बारहॅम गावची, तिथला हेन्री नावाचाच एक गृहस्थ सतराव्या शतकात भरपूर पत्रं लिहून गेला, १९३३ पासून ती पुस्तकरूपात छापलीही गेली, तो मधे ‘इ’ लावायचा, ऑक्झिंडन. आपल्या पुस्तकांत पण ऑक्झेंडन, ऑक्झिंडेन, ऑक्सिंडन सगळं सापडतं, तेव्हा स्पेलिंगवरून भांडण नको.

पण स्पेलिंगमुळेच तो ९ पौंडाचा रिपोर्ट पार झोपला. रिपोर्टात जगाचा नकाशा, सगळ्यात गडद रंग अमेरिकेला, आणि खाली लिहिलंय की हे आडनाव सर्वाधिक अमेरिकेत आढळतं. आकडा अगदी शेवटच्या माणसापर्यंत, म्हणजे गोळाबेरीज नाही, जणू काल रात्री दारोदार जाऊन मोजून आले. मला वाटलं वा, गेले वाटतं सगळे तिकडं. मग बारीक अक्षरातली टीप वाचली, ‘मिळतीजुळती रूपे धरून’. आणि त्या मिळत्याजुळत्या रूपांत ऑक्झेंडाइन होतं. आता हे ऑक्झेंडाइन कोण, तर नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉबसन काउंटीत लंबी नावाची आदिवासी जमात आहे, त्यांच्यातलं हे अगदी नेहमीचं आडनाव, लोकलियर, लाउरी, चॅव्हिस यांच्या बरोबरीचं. तिकडचा स्वतःचा मोठा इतिहास आहे त्यांचा, स्वतःचं विद्यापीठ उभं केलंय त्यांनी, १८८७ मध्ये शिक्षक तयार करायची शाळा म्हणून सुरू झालेलं. त्या लोकांना उचलून केंटच्या जमीनदारांच्या खात्यात टाकायचं आणि वर सिंहाची ढाल द्यायची, हे दोघांवरही अन्याय. नावं कानाला जवळची वाटतात म्हणून मोजणी एकत्र करायची तर मग पाटील आणि पटेल पण एकच करा.

दुर्मिळ आडनाव किती जणांचं हे मोजणं मुळातच निसरडं काम आहे, हे मला या सगळ्या भानगडीत कळलं. स्मिथसारखं आडनाव लाखोंनी असतं, त्यात शेपाचशे इकडे तिकडे झाले तर काही बिघडत नाही. पण ज्याचे मूठभरच लोक आहेत तिथं दोन चुका झाल्या तरी सगळं चित्र बदलतं. ब्रिटनच्या आकडेवारी खात्याची २००२ ची इंग्लंड-वेल्समधल्या आडनावांची यादी आहे, जवळजवळ २ लाख ७० हजार आडनावं आहेत त्यात. ही यादी सरकारी नोंदवहीवरून काढलेली, त्यामुळे डबल नोंदी आणि टायपिंगच्या चुका तशाच राहिल्यात, म्हणजे कुणा कारकुनाने एक अक्षर चुकवलं की नवीन ‘दुर्मिळ आडनाव’ जन्माला आलं. आणि पाचपेक्षा कमी लोकांची आडनावं त्यातून काढूनच टाकलीत. म्हणजे जी खरोखरच संपत आलेली आहेत ती यादीत दिसणारच नाहीत आणि जी कधी नव्हतीच ती दिसू शकतील! या असल्या याद्यांवरून नकाशे रंगवतात हे लोक.

जनगणनेचं म्हणाल तर इथं वैयक्तिक कागद १०० वर्षं बंद असतात. १९२१ चे २०२२ मध्ये उघडले. १९३१ चे इंग्लंड-वेल्सचे १९४२ मध्ये आगीत जळाले, १९४१ ला लढाई चालू म्हणून जनगणना झालीच नाही, आता पुढचे १९५१ चे, ते उघडणार २०५२ मध्ये, तेव्हा मी असेन की नाही देव जाणे. म्हणून हे आडनावाचे अभ्यासक सारखे १८८१ वर येतात, त्या जनगणनेची नावं स्वयंसेवकांनी पूर्ण उतरवून काढली आणि ती फुकट बघता येतात. आडनाव मुळात कुठल्या भागातलं हे बघायला १८८१ सोन्यासारखं आहे, कारण तोपर्यंत बरीच माणसं आपल्या मुलखाच्या आसपासच होती.

यातलं शहाणं काम करणारी दोन ठिकाणं सांगतो, दोन्हींना माझ्याकडून पाच स्टार. एक, फ्रीबीएमडी. इंग्लंड-वेल्समध्ये १८३७ पासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद आहे, तिची सूची स्वयंसेवकांनी टाइप केलेली, एक पैसा लागत नाही. दिसायला वेबसाइट अगदी जुनाट, आपल्या सातबाऱ्याची जुनी साइट आठवते, पण चालते झक्कास. स्मिथ टाकलं तर ती हात टेकते, ऑक्झेंडन टाकलं तर यादी मला एका संध्याकाळी वहीत उतरवता आली, चहाच्या दोन कपांत, आणि तेव्हाच कळलं की हे आडनाव दुर्मिळ म्हणजे काय दुर्मिळ आहे. दुसरं, ऑक्सफर्डचा ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांचा कोश, २०१६ मध्ये आला, चार जाड खंड, ४५ हजारांवर आडनावं. विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, आमच्या लायब्ररीच्या कार्डावर घरबसल्या बघता येतो, तुमच्या काउन्सिलला विचारा. यात आडनावापुढे २०११ चा आकडा, १८८१ चा आकडा, १८८१ ला मुख्यतः कुठं होतं ते, आणि मग जुन्या कागदांत कुठल्या साली कुठल्या गावात ते नाव सापडलं ते सालांसकट. शौर्य आणि निष्ठा कुठंच नाही, नुसते पुरावे. मला तर ते वाचायचं व्यसन लागलं, ऑफिसातल्या सगळ्यांची आडनावं झाली बघून.

आणि मोजणीतला अजून एक खड्डा. विंगहॅमच्या घराण्याला १६७८ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला, दहावा बॅरोनेट १९२४ मध्ये वारला आणि किताब बंद पडला. पण तोवर आडनाव झालं होतं डिक्सवेल-ऑक्झेंडन, लग्न-वारशात डिक्सवेलांची जायदाद आली म्हणून. म्हणजे सूचीत ‘ओ’खाली शोधत बसलात तर सापडणार नाही, ‘डी’खाली बघायचं. त्या डिक्सवेलांच्या घरातली गंमत ऐका, जॉन डिक्सवेल नावाच्या त्यांच्यातल्याच एकाने १६४९ मध्ये चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही केली होती, पुढे राजेशाही परत आल्यावर तो अमेरिकेत पळाला आणि मरेपर्यंत डेव्हिड्स असं वेगळंच आडनाव लावून राहिला. मोजा आता त्याला कुठं मोजायचं ते. त्यांचा ब्रूम पार्क नावाचा वाडा ऑक्झेंडनांकडे होता, तो १९११ मध्ये विकत घेतला कुणी, तर लॉर्ड किचनरने, हिंदुस्थानच्या सैन्याचा सरसेनापती होता तोच.

कस्टमर केअरचं एक सांगायचं राहिलं. चॅटवर मी त्यांना तीन मुद्दे लिहिले, बैल, केंट, ऑक्झेंडाइन. समोरून उत्तर, आमचा मजकूर आमच्या इतिहासतज्ज्ञांनी तपासलेला असतो. मी ढमढेरेंचा स्क्रीनशॉट पाठवला. बराच वेळ टायपिंगचे तीन ठिपके उड्या मारत होते. मग उत्तर आलं की हे एक सुंदर आणि प्राचीन आडनाव आहे, त्याच्या ऑर्डरवर तुम्हाला २० टक्के सूट देऊ का? रिफंड नाही, कारण वस्तू ‘तुमच्यासाठी खास बनवलेली’ आहे. सिंह खास माझ्यासाठी!

मग मी रागारागात एका रविवारी विंगहॅमलाच गेलो. कॅंटरबरीहून बस आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. गाव छोटं, लाकडी तुळयांची जुनी घरं, आणि मध्ये हिरव्या शिखराचं सेंट मेरीज चर्च. आत गेलं की आधी खांबांकडे लक्ष जातं, दगडाचे नाहीत, चेस्टनटच्या लाकडाचे आहेत, कारण सोळाव्या शतकात डागडुजीसाठी गोळा केलेला निधी कॅंटरबरीच्या एका दारूवाल्यानेच खाल्ला. वर्गणी आणि तिचं पुढे काय होतं हा विषय सगळ्या जगात सारखाच दिसतो. तर उजव्या हाताच्या भागात ऑक्झेंडनांचं स्मारक आहे, १६८२ चं, म्हणजे रायगडाच्या अभिषेकानंतर फक्त आठ वर्षांनी उभं राहिलेलं. पांढऱ्या-काळ्या संगमरवराचं, छतापर्यंत चढत गेलेलं, फळाफुलांच्या माळा, गुबगुबीत पोरं, आणि खाली कोपऱ्यांत काळ्या दगडात कोरलेली बैलांची डोकी. मी खाली बसून बघत राहिलो. नाकपुड्या, शिंगं, कपाळावरचे कुरळे केस. पोळ्याला समोर उभा करावा असा बैल. साफसफाई करणाऱ्या एक आजीबाई आल्या, म्हणाल्या कुणी नातेवाईक का तुमचे? मी म्हणलं नाही हो, यांच्यातला एकजण आमच्या राजाच्या राज्याभिषेकाला आला होता. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, बसा, सगळं सांगा. हिऱ्याच्या अंगठीपर्यंत आलो तोवर माझी बस गेली.

प्रदर्शन छान झालं. कागद काढायला फ्रेमच्या मागचे चार स्क्रू सोडवावे लागले, त्यालाही अर्धा तास गेला, इतकी पक्की बांधणी. आता त्यात बैलाच्या डोक्याचा फोटो आहे, खाली मराठीत लिहिलंय ‘ऑक्झेंडन, म्हणजे बैलांचं रान’. सिंहाच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोरांनी रायगड काढला, हत्ती वर चढताना दाखवलाय, मागून दोघं ढकलतायत.